आवरलेलं घर टिकवायचं कसं?



दिवाळीची आवराआवर झाली. पण आपल्या मावल्याकडे लगेच वेचणीचा कापूस घरात येतो. भाव बरा मिळेपर्यंत एक खोली त्यालाच जाते आणि तिथलं सामान घरभर पसरतं. म्हणून कापूस यायच्या आधीच त्या सामानाची जागा ठरवून ठेवा.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा गाव झाडायचे अन् रात्री कीर्तन करायचे. गडीमाणूस असून झाडू हातात घेतला. आपल्याकडे मात्र झाडू सूनबाईचाच! पसारा तर सगळ्यांचा असतो ना? रात्री जेवणं झाली की १० मिनिटं प्रत्येकानं आपापलं उचलावं: चार्जर, वह्या, वाळलेले कपडे. दादांनी पण.

लग्नात आलेले ब्लाऊजपीस, टॉवेल-टोपी कपाटात कोंबू नका. वापरा, नाहीतर गरजूला देऊन टाका. सासूबाईंचं पितळी भांडं मात्र त्यांना विचारल्याशिवाय मोडीत घालायचं नाही. माझं मत विचाराल तर ते राहूच द्या. त्यांच्या माहेरचं असतं ते.

या आठवड्यात घरात कोणी काय काम घेतलं ते ग्रुपवर कळवा. दादांची नावं आधी वाचू 😊