कोरडे डोळे आणि औषधी थेंबांतील परिरक्षक

डोळे चुरचुरणे, आत वाळूचा कण गेल्यासारखे खुपणे, वारा लागताच पाणी येणे ही डोळे कोरडे पडल्याची लक्षणे होत. अशा वेळी ‘कृत्रिम अश्रूं’ची बाटली आणली जाते. प्रारंभी आराम पडतो. पुढे जळजळ पुन्हा सुरू झाली, की रुग्ण थेंब अधिक वेळा घालू लागतो. काहींच्या बाबतीत मात्र ही वाढती जळजळ केवळ मूळ विकाराची नसते. थेंबांतील परिरक्षकही तीस कारणीभूत असतो.

परिरक्षकाचे प्रयोजन

उघडलेली बाटली अनेक दिवस वापरली जाते. तिचे टोक पापणीला किंवा बोटाला लागले, की जंतू आत शिरू शकतात. त्यांची वाढ होऊ नये म्हणून औषधात जे रसायन मिसळतात, ते परिरक्षक होय. बेंझाल्कोनियम क्लोराइड हा त्यांपैकी सर्वाधिक प्रचलित असून त्याचे प्रमाण सामान्यतः ०.००४ ते ०.०२ टक्के असते.

ही योजना निरर्थक नाही. २०२३ साली अमेरिकेत परिरक्षक नसलेल्या, परंतु दूषित झालेल्या कृत्रिम अश्रूंमुळे जंतुसंसर्ग पसरला. काही रुग्णांची दृष्टी गेली व चौघे दगावले. औषधात परिरक्षक नसेल, तर निर्मिती व वापर या दोहोंत निर्जंतुकतेची काळजी अधिकच घ्यावी लागते.

अपाय कसा होतो?

डोळ्याच्या पृष्ठभागावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्याचा वरचा स्निग्ध भाग अश्रूंची वाफ होऊ देत नाही, तर तळाचा श्लेष्मल भाग अश्रूंना डोळ्यावर टिकवून धरतो. बेंझाल्कोनियम क्लोराइडचा गुण साबणासारखा आहे. ते स्निग्ध भाग विस्कळीत करते, तसेच श्लेष्मा निर्माण करणाऱ्या व बुबुळावरील पारदर्शक पटलाच्या पेशींना इजा पोहोचवते. निरोगी डोळ्यांत ताजे अश्रू हे रसायन विरळ करून वाहून नेतात. कोरड्या डोळ्यांत अश्रूच अपुरे असल्याने ते अधिक काळ रेंगाळते. परिणामी कोरडेपणा वाढतो आणि थेंबांची गरजही वाढते.

येथे मात्रेला महत्त्व आहे. अल्पकाळ व मोजके थेंब बहुतेकांना बाधत नाहीत. परंतु दिवसातून सहा वेळा थेंब घालणाऱ्याच्या डोळ्यांशी वर्षभरात दोन हजारांहून अधिक वेळा या रसायनाचा संपर्क येतो.

पर्याय आणि दक्षता

दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालावे लागत असल्यास परिरक्षकविरहित औषध घेणे श्रेयस्कर मानले जाते. ते एकवेळच्या छोट्या कुप्यांत किंवा जंतूंना आत येऊ न देणाऱ्या विशेष बाटल्यांत मिळते. अशा कुपीत उरलेले औषध दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवू नये. हे औषध महाग पडत असल्यास, डोळ्यांत गेल्यावर निरुपद्रवी घटकांत विघटित होणारा सोडियम परबोरेटसारखा सौम्य परिरक्षक असलेले थेंब चालतील का, हे डॉक्टरांना विचारावे.

काचबिंदूच्या रुग्णांना वर्षानुवर्षे थेंब घालावे लागतात. त्यामुळे त्यांच्यात हा त्रास विशेष आढळतो. तथापि जळजळ होते म्हणून त्यांनी औषध परस्पर बंद करता कामा नये. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यांनी तक्रार डॉक्टरांच्या कानावर घालून औषध बदलून घ्यावे.

शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी गावातील वृद्धांना चार गोष्टी आवर्जून सांगाव्यात : वेष्टनावरील परिरक्षकाचे नाव वाचावे किंवा वाचून घ्यावे, बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून वेष्टनावर दिलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्यावी, एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये, आणि थेंब घालूनही त्रास वाढत असेल, तर थेंब वाढविण्याऐवजी बाटली सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे जावे. एवढी जाणीव घरोघरी पोहोचली, तरी अनेकांचे डोळे टाळता येण्याजोग्या त्रासातून वाचतील.