कादंबरीतून पाच गाणी

पोवाडा तुम्ही ऐकला असेल. डफावर थाप पडते, तुणतुणे वाजू लागते आणि शाहीर मोठी कथा गाऊन सांगतो. महात्मा फुले यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर असाच पोवाडा रचला. मग एखादी कादंबरी गाण्यांतून सांगता येईल का? दिवेआगरच्या आमच्या वर्गाने हा प्रयत्न केला.

आम्ही निवडली फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्यूमा यांची ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’. ती १८४४ ते १८४६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. एडमंड दान्तेस हा तरुण खलाशी. खोट्या पत्रामुळे त्याला समुद्रातील किल्ल्यात डांबले जाते. तेथे तो चौदा वर्षे काढतो. वृद्ध कैदी फारिया सुटकेसाठी भुयार खणतो, पण ते चुकून एडमंडच्या कोठडीत निघते! मग फारिया त्याला गणित, इतिहास आणि परक्या भाषा शिकवतो. कादंबरीत फारिया इटलीचा आहे. पण हे नाव आले ते गोव्यातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेल्या आबे फारिया यांच्यावरून. त्यांचा पुतळा पणजीत आहे.

आम्ही कथेचे पाच भाग केले : अटक, एकांत, भुयार, शिकवणी आणि सुटका. प्रत्येकाचे एक गाणे. विजेवर चालणारे वाद्य एकही नव्हते. करवंटी दगडावर घासली, की भुयार खणल्याचा आवाज येई. घागरीत वाळू फिरवली, की लाटा ऐकू येत.

वाद झाला शेवटच्या गाण्यावर. फारिया मरण पावतो. त्याच्या प्रेताच्या पोत्यात एडमंड स्वतः शिरतो. पहारेकरी ते पोते समुद्रात फेकतात. चाकूने पोते फाडून तो पोहत सुटतो. मुलांनी येथे जोरजोरात डफ वाजवला. तेव्हा मराठी बोलायला नेहमी बिचकणारी एक मुलगी उभी राहिली.

“सर, त्याचे उस्ताद वारले आहेत. इथे डफ नको.”

वर्ग शांत झाला. त्या गाण्यात आम्ही फक्त घागर ठेवली.

एडमंडचे शरीर समुद्रातून सुटले. मन मात्र त्याआधीच, शिकता शिकता मोकळे झाले होते.

शब्दार्थ
डांबणे – कैद करणे
भुयार – सुरंग
एकांत – तनहाई
सुटका – रिहाई
बिचकणे – घाबरून मागे सरणे

स्वाध्याय
१. फारियाने एडमंडला काय काय शिकवले?
२. मुलीने डफ नको असे का म्हटले?
३. ‘कैद’ आणि ‘डफ’ (दफ) यांसारखे मराठी व उर्दू दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द लिहा.