तपासणीचा कागद पेटीत ठेवू नका

विहारात हृदयतपासणी होते, रक्तदाब आणि साखरेचे आकडे लिहिलेला कागद हातात पडतो आणि घरी गेल्यावर पेटीत जातो. आठ दिवस मीठ कमी, नवव्या दिवशी ताटात पुन्हा पापड-लोणचे.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. भरपेट जेवून धापा टाकीत तो भगवंतांकडे आला. भगवंतांनी मोजून जेवण्याची गाथा सांगितली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि आपण जेवत असताना रोज म्हणायला सांगितली. हळूहळू आहार कमी झाला, अंग हलके झाले. राजालाही आठवण देणारा माणूस लागला, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते.

म्हणून घरातल्या एकाने सुदस्सन व्हावे. नातीने टोकले तर आजोबा ऐकतात! माणशी दिवसाचे मीठ एका लहान चमच्याच्या, म्हणजे 5 ग्रॅमच्या आत ठेवा. पापड, फरसाण, खारी मासळी त्यातच धरा. एकट्यासाठी वेगळी भाजी टिकत नाही, सगळ्यांचेच मीठ-तेल कमी करा. आणि हे काम एकट्या बाईवर टाकू नका.

आठवड्यात पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. गल्लीत जागा नसेल तर वंदनेला जाताना चौघी मिळून लांबचा रस्ता धरा. तंबाखू, मिश्री मात्र मोजून नव्हे, पूर्ण बंद.

रक्तदाब 140/90 किंवा वर निघाला असेल तर दवाखान्यात पुन्हा मोजून घ्या. बरे वाटते म्हणून गोळी स्वतः थांबवू नका. छातीत दाब, हातात कळ, घाम आला तर वाट न पाहता 108 ला फोन करा.