वरकस जमिनीवरचं करिअर

बारावीचा निकाल लागला की पालक हमखास विचारतात, "पोराला झाडांची, गुरांची आवड आहे, पण यात पोट भरेल का?" ही काळजी खरी आहे. घरामागची वरकस त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलीय: पावसात गवत, मार्चात वणवा, हाती काही नाही.

त्याच जमिनीची विद्या आपल्या जिल्ह्यात शिकवतात. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 चं. तिथल्या वनशास्त्र महाविद्यालयात चार वर्षांची पदवी मिळते. त्यासाठी बारावी विज्ञान आणि सीईटी. पशुवैद्यकाला जायचं तर 'नीट' आणि इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. कोणतीही पदवी घेतली तरी दुसऱ्या बाजूचं काम शिकावंच लागतं, कारण डोंगरउतारावर झाड आणि जनावर एकमेकांच्या आधाराने जगतात.

शेळी आधी रोपाचा शेंडा खुडते. म्हणून पहिला गडगा, मग रोपं, शेवटी गुरं. गडग्याच्या कडेने जूनच्या पहिल्या पावसात गिरीपुष्पाच्या खुंट्या रोवायच्या. त्याचा ताजा पाला वासामुळे शेळ्या नाकारतात. जरा सुकवून घातला की हळूहळू खायला लागतात. सुबाभूळ त्या आवडीने खातात, पण नुसत्या त्याच पाल्यावर ठेवलेल्या जनावराचे केस गळू शकतात, म्हणून सोबत गवत-पेंढा हवाच. ऐन-किंजळीचा कवळ आपण राबासाठी पिढ्यान्‌पिढ्या तोडत आलो. झाडाला पुन्हा फुटवा येईल इतपतच कोयती कुठे चालवायची, हे आजी-आजोबांच्या हाताला ठाऊक असतं. मुलांनी ते त्यांच्यासोबत उभं राहून शिकावं.

पैशाचं स्पष्ट सांगतो. शेळी पाच महिन्यांत विते, शिवण तोडीला यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. सुरुवातीला घर शेळ्यांवर चालेल, लाकडावर नाही. कोकण कन्याळ ही इथल्या पावसाला सरावलेली जात. बाहेरची महागडी शेळी आणण्याआधी तिचा विचार करा. कर्ज काढून शंभर शेळ्यांचा गोठा मात्र पहिल्याच वर्षी बांधू नका. पाच-सहा शेळ्यांवर एक पावसाळा काढा.

नोकरीच हवी असेल तर एमपीएससीची वनसेवा आहे. बँकांच्या कृषी अधिकारी पदाला वनशास्त्र आणि पशुवैद्यक या दोन्ही पदव्या चालतात. उरुळीकांचनला 1967 साली सुरू झालेली 'बाएफ' ही संस्थाही पशुधन आणि वाडी दोन्हींवर काम करते.

प्रवेशाच्या याद्या लागेपर्यंत पाऊस पडायला लागलेला असेल. तोवर गडग्याच्या कडेला शंभर खुंट्या मुलीला किंवा मुलाला स्वतः रोवू द्या. ऑगस्टमध्ये त्यांतल्या किती फुटल्या, ते दोघांनी मिळून मोजा.