पॉवरलिफ्टिंगमधील साधने : आधार की बळ?

रामाकोन्याच्या बाजारात पोते उचलण्यापूर्वी हमाल कमरेला पंचा घट्ट कसतो. पॉवरलिफ्टिंगमधील पट्ट्याचे कार्यही तेच. श्वास रोखून पोट पट्ट्यावर दाबले की पोटातील दाब वाढतो व कण्यास आधार मिळतो. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा पट्टा १० सें.मी.हून रुंद वा १३ मि.मी.हून जाड नसावा.

बेंच प्रेसचा ताठ सदरा मात्र निराळा. वजन छातीकडे आणताना तो ताणला जातो आणि वर ढकलताना स्वतः हातभार लावतो. मग वजन उचलले कोणी, खेळाडूने की कापडाने? म्हणूनच २०१३ पासून ‘क्लासिक’ प्रकाराची स्वतंत्र जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरू लागली. तीत पट्टा चालतो, सदरा नाही.

विद्यार्थीमित्रांनो, पट्टा चुकीची ढब सुधारत नाही. आधी ढब शिका, पट्टा नंतर बांधा.