स्वभावाची चाचणी व आपली मुले

शास्त्रपाठ : १ शमुवेल १६:१-१३, १ राजे १९:१-८

आपल्या मंडळीतील कोणते मूल पुढे दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या आहारी जाईल, हे आधीच कळले तर किती बरे होईल! पुष्कळ आईबापांच्या व शब्बाथशाळेच्या शिक्षकांच्या मनात हा विचार येतो. काही देशांतील शाळांत स्वभावाची चाचणी घेऊन असा धोका ओळखण्याचा प्रयत्न झाला आहे. तिच्यापासून आपण काय घ्यावे व कोठे सावध राहावे, हे पाहू या.

१. चाचणी काय सांगते?

मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड व त्यांचे सहकारी यांनी २३ विधानांची एक प्रश्नावली २००९ मध्ये प्रसिद्ध केली. तीत दारूविषयी विचारलेले नाही; विचारले आहे ते स्वभावाविषयी. निराशा, घाबरटपणा, उतावळेपणा व थराराची ओढ या चार गोष्टी ती मोजते. निराश मूल दुःख विसरण्यासाठी, घाबरट मूल धीर यावा म्हणून, उतावळे मूल परिणामाचा विचार न करता, तर थरार शोधणारे मूल मौजेसाठी व्यसनाकडे वळू शकते. वाट एकच नाही, म्हणून उपायही एकच नाही.

लंडनमधील १९ शाळांतील प्रयोगाचा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे १३-१४ वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ४५ मुले ‘अधिक धोका’ या गटात आली. एवढी मुले व्यसनी होणार होती काय? मुळीच नाही. काही शाळांत शिकवून तयार केलेल्या शिक्षकांनी अशा मुलांच्या त्यांच्या स्वभावानुसार लहान गटांत दीड-दीड तासाच्या दोन बैठका घेतल्या. पुढील दोन वर्षांत त्यांच्यातील दारूचे प्रमाण इतर शाळांतील तशाच मुलांपेक्षा कमी राहिले. फायदा झाला तो चाचणीनंतर दिलेल्या मदतीने.

२. शास्त्र काय शिकवते?

अलीयाबाचे रूप व उंची पाहून शमुवेलासारखा संदेष्टाही फसला. देवाने त्याला सांगितले की, मनुष्य बाहेरचे पाहतो, परमेश्वर अंतःकरण पाहतो. चाचणीचे गुण हेही बाहेरचेच होत.

एलीया निराश होऊन मरण मागू लागला. देवाने त्याला दोष दिला नाही. झोप, भाकर व पाणी दिले, आणि मग पुढचे काम सोपवले. पेत्राच्या उतावळेपणाने एका दासाचा कान कापला गेला (योहान १८:१०). पण तोच पेत्र पेन्टेकॉस्टच्या दिवशी सर्वांपुढे निर्भयपणे उभा राहिला (प्रे. कृत्ये २:१४). स्वभाव हे पाप नव्हे. त्याला वळण लागते.

३. आपण काय करावे?

इंग्रजी प्रश्नावलीचे घरगुती भाषांतर करून मुलांना गुण देऊ नयेत. हे काम जाणकारांचे आहे. आईबापांच्या संमतीवाचून चाचणी होऊ नये. कोणत्याही मुलाचे नाव हजेरीपटावर खुणेने लिहू नये किंवा प्रार्थनासभेत काळजीच्या सुरात घेऊ नये. आपल्या मंडळ्या लहान, सारे एकमेकांच्या नात्यातले. तेराव्या वर्षी मारलेला शिक्का सोयरीक जुळवण्याच्या वेळेपर्यंत पुसला जात नाही. शिवाय ज्याला सगळे बिघडणारा म्हणतात, तो मंडळीपासूनच दूर जातो. मूल आधीच व्यसनात असेल, तर चाचणीची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

शिक्षकाने मात्र प्रत्येक मुलाचा स्वभाव ओळखावा. गप्प बसणाऱ्याची घरी जाऊन विचारपूस करावी, घाबरणाऱ्याला लहानसे काम द्यावे, उतावळ्याला थांबून विचार करायला शिकवावे आणि धाडसी मुलाला सहलीची व्यवस्था सोपवावी.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील कोणत्या मुलावर आपण नकळत शिक्का मारला आहे?
२. देवाने एलीयाला प्रथम भाकर का दिली? आपल्या वर्गात ती ‘भाकर’ कोणती?
३. या आठवड्यात आपण कोणत्या एका मुलाच्या घरी जाणार?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला आमच्या उणिवांसह ओळखूनही टाकले नाहीस. तुझ्या लेकरांकडे तशाच दृष्टीने पाहण्यास आम्हांस शिकव. आमेन.