अंगणातील ताम्हण

नाशिक जिल्ह्यातील पेठ हा सह्याद्रीच्या डोंगररांगांमधील तालुका होय. येथे पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. परंतु उतारावरचे पाणी वाहून जाते आणि उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर पाण्याची वाण पडते. अशा ठिकाणी अंगणात मोठे फुलझाड वाढवावयाचे, तर त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा लागतो.

ताम्हण हा महाराष्ट्राचा राज्यपुष्पाचा वृक्ष. त्याला जारूळ असेही म्हणतात. वैशाखातील कडक उन्हात त्याच्या फांद्यांच्या टोकांवर जांभळ्या फुलांचे तुरे येतात. फुलाला बहुधा सहा पाकळ्या असतात. त्या चुरगळलेल्या रेशमासारख्या दिसतात आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका शोभतो. १ मे रोजी महाराष्ट्र दिन येतो, त्या सुमारास हा वृक्ष बहरलेला असतो.

ताम्हणाला नदीनाल्यांच्या काठची ओलसर जमीन आवडते. त्याचे रोप पावसाळ्याच्या आरंभी लावावे. जागा भरपूर उन्हाची व घराच्या भिंतीपासून निदान १५ फूट दूर असावी. २ फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती व कुजलेल्या शेणखताने भरावा. शेळ्यांनी रोप खाऊ नये म्हणून भोवती काटेरी कुंपण घालावे. पाऊस सरल्यावर आळ्यात पालापाचोळा पसरावा, म्हणजे ओल टिकते. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी द्यावेच लागते. भाजी धुतलेले पाणीही त्यासाठी चालते.

हिवाळा सरत आला, की ताम्हणाची पाने तांबूस होऊन गळतात. पानांवाटे पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. कोरड्या दिवसांत पाने टाकून वृक्ष आपल्या अंगातील पाणी राखतो. ही त्याची काटकसर होय. परंतु निष्पर्ण रोप वाळले असे समजून पुष्कळजण पाणी घालणे थांबवितात. कोणी ते उपटूनही टाकतात. अशा रीतीने जिवंत रोप हकनाक मरते. म्हणून आधी नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवा, ओलसर भाग दिसला, तर रोप जिवंत आहे असे समजावे व त्याला पाणी देत राहावे. यथाकाल त्याला कोवळी पालवी फुटते.

फुले येण्यास मात्र काही वर्षे लागतात. बहरलेल्या वृक्षाचे कौतुक सारेच करतात. पण पाने नसताना ज्याने त्याला तांब्याभर पाणी घातले, त्याच्यामुळेच तो बहर दिसतो.

शब्दार्थ : वाण – टंचाई; निष्पर्ण – पाने नसलेले; हकनाक – विनाकारण.

स्वाध्याय
१. ताम्हण पाने का गाळतो?
२. निष्पर्ण रोप जिवंत आहे, हे कसे ओळखावे?
३. तुमच्या परिसरातील पाने गाळणाऱ्या वृक्षांची नावे लिहा.